सोयराबाईंच्या हातातली वाटी

घाटनांदूरच्या शिवजयंतीत पोरांनी बसवलेलं नाटुकलं पाहत होतो. सोयराबाईंचं काम करायला एकही मुलगी तयार होत नव्हती. शेवटी सातवीतल्या एका पोरीला उभं केलं, हिरवं लुगडं नेसवलं आणि हातात पितळी वाटी दिली. वाटीत शिवाजी महाराजांसाठी विष. खाली उतरल्यावर तिनं विचारलं, "काका, खरंच दिलं होतं का हो विष?" त्या गडबडीत तिला नीट सांगता आलं नाही, ते आता सांगतो.

सोयराबाई तळबीडच्या मोहित्यांची लेक, हंबीररावांची बहीण. 6 जून 1674 ला रायगडावर महाराजांसोबत पट्टराणी म्हणून त्यांना अभिषेक झाला. 3 एप्रिल 1680 ला महाराज गेले आणि 21 एप्रिलला अण्णाजी दत्तोंसारख्या कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं. महाराजांचे थोरले पुत्र संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. मुलाला गादी मिळावी म्हणून सोयराबाई या डावात उतरल्या, हे झाकण्यात अर्थ नाही. डाव उधळला तो सख्ख्या भावानं. पन्हाळ्यावर चालून निघालेल्या कारभाऱ्यांनाच हंबीररावांनी पकडलं आणि संभाजीराजांपुढे उभं केलं.

इथवरचं राजकारण खरं आहे. पण विष?

महाराज गेल्यावर महिन्याभरातच मुंबईच्या इंग्रजांनी लिहिलेल्या पत्रात बारा दिवसांचं आजारपण आणि रक्ताची हगवण असं कारण आहे. बखरकार सभासद ज्वर सांगतो. (सभासदानं बखर राजारामांसाठी लिहिली, हेही ध्यानात ठेवावं.) विषाची आणि सोयराबाईंना भिंतीत चिणून मारल्याची गोष्ट ठसली ती मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीतून. ती लिहिली गेली सव्वाशेहून अधिक वर्षांनी. लिहिणारे बाळाजी आवजींच्या वंशातले आणि बाळाजींना संभाजीराजांनी 1681 मध्ये मृत्युदंड दिला होता. या बखरीत सावत्र आई खुनी ठरते आणि मुलगा क्रूर, म्हणजे दोघांचीही बदनामी एकाच दमात.

रायगड हाती येताच चिणून मारल्याची गोष्ट कागदानंच खोटी पडते. जून 1680 मध्ये रायगड हाती आल्यावर, 24 ऑगस्टला संभाजीराजांनी नामदेवभट बाकरे यांना संस्कृत दानपत्र दिलं. त्यात सोयराबाईंचा उल्लेख स्फटिकासारख्या निर्मळ मनाच्या म्हणून आहे. वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांनी हे सारं पुराव्यानिशी मांडलं, त्यालाही आता अर्धशतक उलटलं.

1681 मध्ये मात्र संभाजीराजांवरच विषप्रयोगाचा कट झाला. इंग्रजांच्या पत्रात त्याचा तपशील आहे: माशाच्या कालवणात विष होतं, एका पोरानं राजांना अडवलं, ते खाणारा नोकर आणि कुत्रा काही तासांत मेले. कटवाल्यांना देहदंड झाला. ऑक्टोबर 1681 मध्ये सोयराबाई गेल्या. कशा गेल्या, यावर इतिहासकारांचं एकमत नाही.

इंग्लंडच्या अ‍ॅन बोलिन या राणीचीही मरणानंतर अशीच बदनामी झाली. 1533 मध्ये मुकुट आणि 19 मे 1536 ला शिरच्छेद. तिच्या एका हाताला सहा बोटं होती, ही गोष्ट निकोलस सँडर या विरोधकाच्या पुस्तकातून पसरली, ती मरणानंतर जवळपास 50 वर्षांनी. तिच्यावर निदान खटला तरी चालला, भले तो नावापुरता असेल. सोयराबाईंवरच्या विषाच्या आरोपाची सुनावणी कुठल्याच दरबारात झाली नाही.

अ‍ॅनची लेक एलिझाबेथ पुढे राणी झाली. इकडे राजाराम 1689 मध्ये छत्रपती झाले, आणि हंबीररावांची लेक, म्हणजे सोयराबाईंची भाची आणि सून ताराबाई, औरंगजेबाशी सात वर्षं लढली. एवढं मोठं घराणं डोळ्यांपुढे असताना त्या माउलीची ओळख आपण एका वाटीवर आणून ठेवली.

नाटुकलं बसवणाऱ्या गुरुजींना आणि मंडळाच्या पोरांना हात जोडून सांगणं आहे: गादीचा झगडा जरूर दाखवा, ती भावा-बहिणीची ताटातूट दाखवा. पण पुढच्या 19 फेब्रुवारीला त्या पोरीच्या हातात वाटी देऊ नका.