जुना लॅपटॉप नवी कार्यप्रणाली का स्वीकारीत नाही?

विंडोज १० ह्या कार्यप्रणालीस दिले जाणारे सर्वसाधारण मोफत पाठबळ मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. २०१५ साली आलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम दहा वर्षांत शाळांच्या संगणक-कक्षांत, ग्रंथालयांच्या कार्यालयांत आणि घरोघरी रुळली होती. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ च्या अटी मात्र कडक आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा आणि कंपनीच्या यादीत असलेला प्रोसेसर ह्या त्यांतील दोन प्रमुख अटी होत. २०१० ते २०१२ च्या सुमारास घेतलेला लॅपटॉप त्यांत बसत नाही. त्याचा पडदा उजळतो, कळा चालतात, लेखन-वाचनाचे काम तो निमूटपणे करतो. तरीही तो कालबाह्य ठरतो. अशा वेळी पुष्कळ संस्था लिनक्सवर आधारलेल्या मुक्त प्रणालींकडे वळतात. भारतास हा मार्ग अपरिचित नाही. केरळमधील शाळांत अशा प्रणाली दीर्घकाळ वापरात आहेत, आणि प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, आपली 'बॉस' ही प्रणाली डेबियन ह्या जुन्या व नामांकित लिनक्स-प्रणालीच्या पायावर उभारली आहे.

अडचण उद्भवते ती स्थापना अर्ध्यावर थांबते तेव्हा. पडद्यावरील पट्टी एका आकड्यावर खिळून बसते. अर्धा तास जातो, तास जातो. शिक्षक किंवा ग्रंथपाल यंत्र बंद करून पुन्हा आरंभ करतात. पुन्हा तोच प्रकार घडतो. दोन-तीन प्रयत्नांनंतर 'लॅपटॉप गेला' असा निर्णय होतो आणि चालते यंत्र भंगारात जाते. हा निर्णय पुष्कळदा घाईचा असतो. स्थापना कोठे थांबली, आणि दुसऱ्या खेपेस ती पुन्हा तेथेच थांबली काय, एवढ्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून यंत्राचा कोणता अवयव अडला आहे ह्याचा बराच उलगडा होतो.

शोधास लागण्यापूर्वी जुन्या हार्ड डिस्कवरील मजकूर दुसरीकडे उतरवून घेतला पाहिजे. वर्गणीदारांची नोंदवही, प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांचे निकाल असे काहीतरी तीत हमखास असते, आणि डिस्कची नव्याने विभागणी झाली की ते परत मिळणे दुरापास्त होते. जुनी प्रणाली सुरू होत नसेल, तर डेबियनची 'लाइव्ह' आवृत्ती उपयोगी पडते. ती डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच चालते, आणि तिच्या साहाय्याने फाइली बाहेर काढून घेता येतात.

स्थापना खरोखरच थांबली आहे, की केवळ मंदावली आहे, हे आधी ठरवावे लागते. काम किती टक्के झाले हे दाखविणारी पट्टी वापरणाऱ्यास धीर देते, हे ब्रॅड मायर्स ह्या संशोधकाने १९८५ सालीच आपल्या शोधनिबंधात दाखविले होते. धीर देणारी ही पट्टी वेळेचे अचूक माप मात्र देत नाही. ती पार पडलेली कामे मोजते. त्यांतील एखादे काम दोन सेकंदांचे, तर एखादे वीस मिनिटांचे असू शकते. म्हणून पट्टीऐवजी कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर प्रणालीचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, तो जागा आहे. दिवा मुळीच हलत नसेल, तर यंत्र बहुधा गोठले आहे. आणि दिवा आपण होऊन लुकलुकू लागला, तर असाध्य दोष आढळल्यामुळे कर्नलने स्वतःच काम थांबविले आहे असे पुष्कळ लॅपटॉपांवर समजता येते.

कर्नल जागा असेल तर त्यालाच विचारावे. डेबियनच्या अक्षरी इन्स्टॉलरमध्ये डावी आल्ट आणि एफ-४ ह्या कळा एकत्र दाबल्या असता एक दुसराच पडदा समोर येतो. चित्रमय इन्स्टॉलरमध्ये त्यांच्या जोडीस कंट्रोलची कळही दाबावी लागते. ह्या पडद्यावर प्रत्येक कृतीची नोंद ओळीने उमटत असते. तिची भाषा रूक्ष आहे; परंतु एकच तक्रार पुनःपुन्हा उमटत असेल, तर ती ओळखण्यास तज्ज्ञ असावे लागत नाही.

आरंभीच काही न घडणे हा प्रकार त्यातल्या त्यात सोपा. पुष्कळदा दोष लॅपटॉपचा नसून पेन ड्राइव्हचा असतो. उतरवून घेतलेली फाइल अपुरी असते, किंवा लेखन पुरे होण्याच्या आतच ड्राइव्ह ओढून काढलेला असतो. डेबियन आपल्या प्रत्येक फाइलीबरोबर तिची पडताळणी-संख्या प्रसिद्ध करते. शा-२५६ ह्या पद्धतीने काढलेली ही संख्या ६४ चिन्हांची असते, आणि फाइलीतील एक बिट जरी पालटला तरी ती ओळखू न येण्याइतकी बदलते. ती ताडून पाहण्यास एखादे मिनिट लागते. बहुतेक लोक नेमके तेच मिनिट वाचवतात.

प्रोसेसरचा प्रकारही पाहिला पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ पासून ३२ बिटांच्या संगणकांसाठी इन्स्टॉलर दिला जात नाही. २०२३ ची डेबियन १२ ही तो देणारी अखेरची आवृत्ती. २००६ च्या आरंभी आलेला इंटेलचा कोअर ड्युओ ३२ बिटांचा होता, आणि त्याच वर्षी काही महिन्यांनी आलेला कोअर २ ड्युओ ६४ बिटांचा. नावात एका आकड्याचा फरक. पण पहिल्यावर नवी प्रणाली पाऊलही टाकू शकत नाही.

आरंभीची यादी दिसते आणि मग पडदा काळा होतो, ह्याचे कारण बहुधा चित्रयंत्रणेत असते. कर्नल पडद्याची मांडणी आपल्या हाती घेऊ पाहतो आणि जुन्या ग्राफिक्स चिपशी त्याचे जुळत नाही. आरंभीच्या यादीतील आज्ञेच्या शेवटी नो-मोड-सेट हे तीन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता लिहिले, की कर्नल तो प्रयत्न सोडून देतो. चित्र ओबडधोबड दिसते, पण स्थापना पुढे सरकते.

खरा पेच मध्यावर पडतो, हजारो फाइली उलगडून डिस्कवर लिहिल्या जात असताना. येथे तीन अवयवांवर संशय घेता येतो, आणि प्रत्येकाची अडण्याची रीत निराळी आहे. स्थापना दर वेळी त्याच फाइलीपाशी थांबत असेल, तर हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह सदोष असण्याचा संभव अधिक. पेन ड्राइव्ह बदलून पाहिला, की त्या दोहोंतील निवाडा होतो. दर वेळी निराळ्या जागी थांबत असेल, तर रॅम तपासावी. आणि जागा कोणतीही असो, आरंभापासून साधारण तितक्याच मिनिटांनी यंत्र गोठत असेल किंवा बंद पडत असेल, तर ते तापत आहे.

झिजलेल्या डिस्कचे वर्तन समजून घेण्याजोगे आहे. एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर डिस्क लगेच हार मानीत नाही. ती तोच भाग पुनःपुन्हा वाचू पाहते. लिनक्सचा कर्नल अशा एका मागणीसाठी सामान्यतः ३० सेकंद वाट पाहतो, मग डिस्कशी नव्याने जुळणी करून फिरून मागणी करतो. असे शेकडो सेक्टर असले, तर पाच मिनिटांच्या कामास तास लागतात आणि पट्टी जागची हलत नाही. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद 'स्मार्ट' ह्या व्यवस्थेत स्वतःच ठेवीत असते. बदली दिलेल्या आणि निकालात न निघालेल्या सेक्टरांचे आकडे तीत दिसतात. ते वाढत असतील, तर डिस्क बदलावी. त्या जागी अडीच इंची एसएसडी बसविली तर जुना लॅपटॉप कित्येकदा पूर्वीपेक्षा चपळ होतो.

रॅमसाठी 'मेमटेस्ट८६+' हे साधन आहे. ते कार्यप्रणालीवाचून चालते, स्मृतीच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक आकृतिबंध लिहिते आणि तो जसाच्या तसा परत मिळतो काय हे पाहते. त्यास रात्रभर चालू द्यावे. दोष निघाला आणि रॅमच्या पट्ट्या दोन असल्या, तर एकेक काढून तपासावे. तापणाऱ्या लॅपटॉपचा उपाय पंख्यातील धूळ झाडणे आणि प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे हा आहे. दोन्ही कामे एकाच बैठकीत उरकण्याचा मोह होतो. पण एका वेळी एकच बदल केला नाही, तर कशामुळे गुण आला हे कधीच कळत नाही.

अखेरचा प्रकार विशेष मनोरंजक आहे. सारे सुरळीत चालून स्थापना जाळ्यावरून फाइली आणण्याच्या टप्प्यावर अडते. जाळे तर शेजारच्या संगणकावर नीट चालत असते. येथे दोष पुष्कळदा एका बटणाएवढ्या सेलचा असतो. लॅपटॉप बंद असतानाही त्याचे घड्याळ चालावे म्हणून आत एक छोटा सेल असतो. तो कित्येकदा ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रात तो मेलेला असतो, आणि घड्याळ एखाद्या जुन्या तारखेवर जाऊन बसते. डेबियनच्या भांडारातील सूचीवर स्वाक्षरी आणि तारीख दोन्ही असतात. लॅपटॉपच्या हिशेबी ती तारीख अजून उगवलेलीच नसते. भविष्यात केलेल्या स्वाक्षरीवर विश्वास कसा ठेवावा? म्हणून प्रणाली ती सूची नाकारते, आणि ते योग्यच करते. जाळ्यावरून वेळ जुळवून घेण्याची सोय इन्स्टॉलरमध्ये आहे, परंतु संस्थेच्या जाळ्यात ती वाट बंद असली तर तिचा उपयोग होत नाही. बायॉसमध्ये जाऊन तारीख हाताने बसविली की काम पुढे चालू होते. सेल न बदलल्यास बॅटरी उतरताच घड्याळ पुन्हा भूतकाळात जाते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

घड्याळ बरोबर असूनही हाच टप्पा अडला, तर जाळ्याची तार काढून ठेवावी आणि संपूर्ण डीव्हीडी-आवृत्तीवरून जाळ्यावाचून स्थापना करावी. उरलेल्या फाइली नंतर आणता येतात. स्थापना पुरी झाली की इन्स्टॉलर आपली सर्व नोंद नव्या प्रणालीत 'इन्स्टॉलर' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून जातो. कोणती डिस्क सापडली, कोठे विलंब लागला, कोणती सूची नाकारली गेली, हे सारे तीत ओळीने लिहिलेले असते. त्याच जातीचा दुसरा लॅपटॉप कपाटात पडून असेल, तर तो बाहेर काढण्यापूर्वी ही नोंद वाचावी.