कोकम सरबत आणि पासष्टचा आकडा

एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकली की सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या घरगुती उद्योगांत अमृत कोकमाची एकच धांदल उडते. फळं फोडून बिया काढायच्या, सालींच्या वाट्यांत साखर भरून थर रचायचे आणि काही दिवसांनी सुटलेला लालभडक पाक गाळायचा. तो पुरेसा दाट झाला की नाही, हे पूर्वी अनुभवी हात ठरवायचे. आता त्यांच्या जोडीला रिफ्रॅक्टोमीटर आला आहे.

वीतभर लांबीची ही नळी. काचेवर पाकाचे दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं आणि नळी उजेडाकडे धरून आत बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात, तो आकडा म्हणजे ब्रिक्स. साध्या साखरपाण्यात १ अंश ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर. विरघळलेले पदार्थ जितके जास्त, तितका प्रकाश जास्त वाकतो, एवढंच यामागचं शास्त्र. आधी शुद्ध पाण्यावर शून्य जुळवावं लागतं, आणि पाक गरम असला तर आकडा कमी दिसतो. घाईत नेमक्या याच दोन गोष्टी राहून जातात.

अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांत फळांच्या सरबताला किमान ६५ टक्के विद्राव्य घटक, म्हणजे ब्रिक्सचा आकडा ६५, आणि किमान २५ टक्के फळांचा रस लागतो. स्क्वॉशला रस तेवढाच, पण विद्राव्य घटक ४० टक्के चालतात. सरबताची ही अट नुसती कागदी नव्हे. पाक पातळ राहिला की पावसाळ्यात यीस्ट वाढतं, बाटली फसफसते, झाकण उडतं. वर्षभराची मेहनत त्यात जाते.

पण ब्रिक्समुळे फळाचं प्रमाण कळत नाही. साखर कोकमाची की पोत्यातली, हे यंत्राला ओळखता येत नाही. आगळातलं, म्हणजे मीठ घातलेल्या कोकमाच्या रसातलं, मीठसुद्धा ते त्याच आकड्यात मोजतं. म्हणून प्रयोगशाळेत आम्लता पाहतात. तिथे कोकम चांगलंच दमवतं. नेहमीच्या पद्धतीत फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी झालं की थांबायचं, पण मुळातच लाल असलेल्या रसात तो गुलाबी दिसणार कसा? नमुना खूप पातळ करावा लागतो किंवा पीएच मीटर लावून ८.१च्या आसपास थांबावं लागतं.

रंगाची परीक्षा तर मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आम्लयुक्त नमुन्यात पांढरी लोकर उकळली की कृत्रिम आम्लरंग तिला घट्ट धरतो. कोकमाचा स्वतःचा रंग धुतल्यावर बराचसा निघून जातो. हा नैसर्गिक रंग नाजूक आहे. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटने तो फिका पडतो, म्हणून टिकवण्यासाठी सोडियम बेंझोएट वापरतात आणि त्यालाही कमाल मर्यादा आहे. काही महिन्यांनी तपकिरीकडे झुकलेलं सरबत पाहून ग्राहक नाक मुरडतो आणि भडक लाल बाटली उचलतो. प्रामाणिक उत्पादकावरचा हा अन्याय मला खटकतो.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. सरबतात साखर पहिली असणारच. कोकम मात्र आम्ल आणि रंग यांच्याही खाली छापलेलं असेल, तर ती बाटली परत ठेवावी.