क्रेडिट कार्डावाचून अडत नाही

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याची पद्धत आहे. तिथल्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी एखादा सेन्सर हवा असेल, तर पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरात तो मिळतो. पण जाण्यायेण्यात दिवस मोडतो. तोच सेन्सर फोनवरून मागवता येतो. मात्र काही ऐकीव गोष्टी आड येतात.

“क्रेडिट कार्डाशिवाय ऑनलाइन खरेदी होत नाही.”

एकेकाळी हे बरेचसे खरे होते, म्हणूनच हा समज टिकला. क्रेडिट कार्ड म्हणजे बँकेची उधारी. उत्पन्न पाहून मिळत असल्याने ते विद्यार्थ्याच्या हाती सहसा पडत नाही. पण २०१६ मध्ये यूपीआय आले आणि बचत खात्यातून थेट पैसे देणे सोपे झाले. डेबिट कार्ड नसले, तरी अनेक बँकांत आधारच्या ओटीपीवर यूपीआय पिन तयार होतो. त्यासाठी मोबाइल नंबर खात्याशी आणि आधारशी जोडलेला हवा.

“गावच्या बँकेचे एटीएम कार्ड ऑनलाइन चालत नाही.”

एटीएममधून पैसे निघतात, संकेतस्थळावर मात्र तेच कार्ड नाकारले जाते. साहजिकच दोष कार्डाला किंवा गावच्या शाखेला दिला जातो. खरे कारण रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशात आहे. त्यानुसार नवे कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालते. ऑनलाइन वापर कार्डधारकाने स्वतः सुरू करायचा असतो. जी जुनी कार्डे कधीच ऑनलाइन वापरली नव्हती, त्यांचीही ती सोय बंद करण्यात आली. बँकेच्या अ‍ॅपवरून ती सुरू करता येते, ते जमले नाही तर शाखेत विचारावे. अ‍ॅपवरच खर्चाची मर्यादाही ठरवता येते. ती कमीच ठेवावी आणि खरेदी झाली की सोय पुन्हा बंद करावी.

“अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय खाते चालवता येत नाही.”

रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतंत्रपणे चालवण्याची मुभा दिली. त्यावर कार्ड किंवा यूपीआय द्यायचे की नाही, हे बँक ठरवते.

“माल हातात आल्यावर पैसे दिले की फसवणूक होत नाही.”

टपाल खात्याच्या व्ही.पी.ने, म्हणजे पार्सल हाती आल्यावर पोस्टमनला पैसे देऊन, पुस्तके मागवणाऱ्या पिढ्यांचा हा विश्वास निराधार नाही. पण पैसे सहसा खोके उघडण्यापूर्वीच द्यावे लागतात आणि आत काय निघेल ते नंतर कळते. माल परत केला तर रक्कम बहुधा बँक खात्यातच येते, म्हणजे खाते लागतेच. शिवाय माल आल्यावर पैसे देण्याची सोय पाबळच्या ४१२४०३ या पिनकोडला आहे की नाही, हे प्रत्येक विक्रेता आपापले ठरवतो.

“परतावा घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागतो.”

खात्यातली शिल्लक पाहतानाही पिन विचारला जातो, त्यामुळे ही थाप सहज पटते. पैसे येताना मात्र पिन लागत नाही. व्यवहार मंजूर करताना तो टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकाला तोशीस लागत नाही. पिन किंवा ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणून घरी रागावतील या भीतीने गप्प न बसता त्याच क्षणी बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.