टकरीत पडणारी गाठ

कॅरमवर स्ट्रायकर सोंगटीला लागला, की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात आणि संबंध संपतो. अणू-रेणूंच्या टकरीकडेही आपण तसंच पाहतो, आणि तिथेच चुकतो. पुंजभौतिकीनुसार टकरीनंतर दोन कणांची मिळून एकच अवस्था असते. एकट्या कणाचं वर्णन अपुरं पडतं. १९३५ साली श्रोडिंगरने याला ‘एंटँगलमेंट’ म्हटलं. प्रयोगशाळेत हा गुंता खटपटीने घडवतात म्हणून तो दुर्मीळ वाटतो. माझ्या मते साधी टक्करही तो घडवते.

कुणी म्हणेल, स्ट्रायकर आणि सोंगटीच्या वेगांचाही हिशेब जुळतोच की! जुळतो; पण सोंगटी एकाच वाटेने गेलेली असते. रेणूचं तसं नसतं, याचा देखणा पुरावा मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या कामातून मिळाला. ई. कृष्णकुमार, वैभव प्रभुदेसाई आणि ब्रिटनचे नायजेल मेसन यांनी हायड्रोजनच्या रेणूंवर सुमारे १४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडले. रेणू इलेक्ट्रॉनला क्षणभर धरतो आणि तुटतो; एक तुकडा नुसता अणू, दुसरा जादा इलेक्ट्रॉन घेतलेला ऋण आयन. दोन्ही अणू अगदी सारखे, म्हणजे जितके आयन पुढे तितकेच मागे जायला हवेत. मोजलं तर पारडं एकीकडे झुकलेलं! २०१८ साली ‘नेचर फिजिक्स’मध्ये त्यांनी कारण मांडलं: इलेक्ट्रॉन धरण्याच्या दोन वाटा आहेत, आणि रेणू दोन्हींनी एकदम जातो. त्या वाटांच्या लहरी एका दिशेला जुळतात, उलट दिशेला एकमेकींना खोडतात. मिरजेच्या तंबोऱ्यात जोडीच्या तारा किंचित विसंगत असल्या की आवाज चढतो-उतरतो, तसंच काहीसं. फक्त तिथे तारा दोन, इथे रेणू एकच. हायड्रोजनऐवजी त्याचंच जड रूप, ड्युटेरियम, घेतलं तर झुकावही बदलतो. या प्रयोगात थेट गुंता मोजलेला नाही, मोजला तो दोन वाटांचा मेळ. पण तो मेळच नसता, तर गुंता आणि सोंगट्यांचा हिशेब यांत फरक उरला नसता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हवेतला प्रत्येक रेणू सेकंदाला अब्जावधी टकरा खातो. मग हा गुंता रोज दिसत का नाही? व्हिएन्नात २००३ साली सत्तर कार्बन अणूंच्या रेणूंचा झोत जाळीतून सोडून लहरींचे पट्टे मिळवले आणि उपकरणात थोडा थोडा वायू सोडला. दाब वाढला तसे पट्टे फिकट होत गेले. गाठ सुटली म्हणून नव्हे. आदळलेला वायूचा प्रत्येक रेणू वाटेची खूण स्वतःबरोबर घेऊन गेला, आणि गाठीचं दुसरं टोक आता त्या निसटलेल्या रेणूपाशी होतं, जिथे कुणी मोजत नव्हतं.