गद्दाफीच्या हातातलं ते पिस्तूल कंपनीने बंद केलं, मग एकाचे तीन अवतार आले. घेणाऱ्याने निवडायचं कुठलं?

20 ऑक्टोबर 2011. लिबियातलं सिर्त शहर. हुकूमशहा मुअम्मर गद्दाफी मारला गेला आणि त्यानंतर एक फोटो जगभर फिरला. एक तरुण बंडखोर हातात सोन्याचा मुलामा दिलेलं पिस्तूल नाचवतोय आणि आजूबाजूला जल्लोष सुरूय.

ते पिस्तूल होतं ब्राउनिंग हाय पॉवर.

सोन्याचा मुलामा काढून टाकला, तर हेच पिस्तूल भारतीय लष्कराच्या अधिकाऱ्यांच्या कमरेलाही दिसतं. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ते तयार होतं आणि त्याला सरकारी नाव आहे ‘पिस्टल ऑटो 9 एमएम 1ए’. पन्नासपेक्षा जास्त देशांच्या सैन्यांनी ते वापरलंय.

पण 2018 मध्ये बातमी आली की मूळ बेल्जियन कंपनी एफएनने हाय पॉवर बनवणं थांबवलंय. त्यानंतर जुन्या पिस्तुलांचे भाव चढले. मागणी आहे आणि माल नाही, हे बघून पुढच्या चार वर्षांत एक सोडून तीन कंपन्या बाजारात उतरल्या. आता अमेरिकेतल्या ग्राहकासमोर प्रश्न आहे की यातलं घ्यायचं कुठलं?

त्यासाठी आधी मूळ पिस्तुलाची भानगड समजून घ्यावी लागेल.

काम एकाने सुरू केलं, पूर्ण दुसऱ्याने केलं

पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याला जास्त गोळ्या मावणारं पिस्तूल हवं होतं. एफएनने हे काम दिलं जॉन ब्राउनिंग या अमेरिकन डिझायनरला. पण 1926 मध्ये बेल्जियममध्ये एफएनच्या कारखान्यातच ब्राउनिंगचं निधन झालं. अर्धवट राहिलेलं डिझाईन पूर्ण केलं द्युदोने सेव्ह या बेल्जियन माणसाने. 1935 मध्ये पिस्तूल तयार झालं, पण फ्रान्सने ते घेतलंच नाही. घेतलं बेल्जियमने.

त्या काळात बहुतेक पिस्तुलांत सात-आठ गोळ्या बसायच्या. यात बसायच्या तब्बल 13.

1940 मध्ये जर्मनीने बेल्जियम ताब्यात घेतला. कारखाना जर्मनांच्या हातात गेला आणि त्यांनी आपल्या सैन्यासाठी उत्पादन चालू ठेवलं. दुसरीकडे सेव्ह इंग्लंडला निसटला आणि कॅनडातल्या टोरोंटोमध्ये जॉन इंग्लिस कंपनीने हेच पिस्तूल मित्रराष्ट्रांसाठी बनवलं, जवळपास दीड लाख. ही इंग्लिस कंपनी पुढे वॉशिंग मशीनसाठी ओळखली गेली. थोडक्यात, एकाच युद्धात दोन्ही बाजूंकडे एकच पिस्तूल होतं.

मग मूळचंच जुनं का नाही घ्यायचं?

कारण या पिस्तुलात काही जुन्या खोड्या आहेत.

पहिली खोड म्हणजे हॅमर चावतो. गोळी झाडली की स्लाईड मागे येते, हॅमर खाली दाबला जातो आणि अंगठा आणि तर्जनीमधली कातडी त्यात सापडते. सगळ्यांना नाही, पण मोठा पंजा असणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो.

दुसरी खोड म्हणजे सेफ्टीचं बटण. जुन्या मॉडेल्सवर ते इतकं बारीक आहे की घाईत अंगठ्याला सापडत नाही.

तिसरी, जुनी मॉडेल्स गोल टोकाच्या लष्करी गोळीसाठी बनली होती. आजच्या पोकळ टोकाच्या गोळ्या त्यात अडकू शकतात.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. आधीच्या मॉडेल्समध्ये फायरिंग पिन अडवणारं कुलूप नव्हतं. म्हणजे भरलेलं पिस्तूल हातातून वाईट पद्धतीने पडलं, तर गोळी सुटण्याचा धोका. 1980 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या मार्क थ्री मॉडेलमध्ये ही सोय आली.

शिवाय जुनं युद्धकालीन पिस्तूल हा संग्रहाचा ऐवज आहे. मूळ फिनिश आणि जुळणारे नंबर यावरच त्याची किंमत ठरते. ते रोज रेंजवर वापरणं म्हणजे आजोबांच्या घड्याळाने खिळे ठोकण्यासारखं.

तीन कंपन्या, तीन उत्तरं

पहिलं उत्तर, जसं होतं तसं. तुर्कस्तानची गिरसान कंपनी एमसी पी 35 बनवते. ही मार्क थ्रीची जवळपास नक्कल आहे. तिघांत सगळ्यात स्वस्त. ज्याला जुन्या पिस्तुलाचा फील हवाय, पण खिसा हलका आहे, तो इकडे वळतो.

दुसरं उत्तर, जुनंच पण खोड्या काढून. ऑक्टोबर 2021 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीने एसए 35 आणलं. सुरुवातीची किंमत 699 डॉलर. हॅमरचा आकार बदलला, सेफ्टी मोठी केली, आजच्या गोळ्यांसाठी आतला रॅम्प सुधारला आणि मॅगझीन 15 गोळ्यांचं केलं. जुनी हाय पॉवरची मॅगझीन्सही यात चालतात. इथे एक गंमत. स्प्रिंगफील्ड आर्मरी हा खरा सरकारी शस्त्र कारखाना 1968 मध्येच बंद झाला. आत्ताची कंपनी खासगी आहे, नाव फक्त तेच.

तिसरं उत्तर, नाव जुनं, माल नवा. 2022 च्या सुरुवातीला खुद्द एफएनने ‘हाय पॉवर’ परत आणलं. त्यात 17 गोळ्या, दोन्ही हातांनी वापरता येतील अशी बटणं आणि किंमत 1,200 डॉलरच्या वर. पण आतली रचना नवी आहे, जुनी मॅगझीन यात बसत नाहीत. वजन 1.1 किलोच्या आसपास जातं, तर एसए 35 साधारण 900 ग्रॅमचं. म्हणजे मूळ कंपनीचं नाव ज्यावर आहे, तेच मूळ डिझाईनपासून सगळ्यात लांब आहे.

एक छोटा भाग, ज्यावरून खरा वाद आहे

मूळ हाय पॉवरमध्ये एक सोय होती. मॅगझीन काढलं की ट्रिगर दाबूनही गोळी सुटत नाही. फ्रेंच सैन्याच्या मागणीमुळे ती आली. पण तिच्यामुळे ट्रिगर जड आणि खरखरीत होतो, म्हणून अनेक नेमबाज ती काढून टाकायचे. एसए 35 मध्ये ती दिलेलीच नाही.

ट्रिगर हलका झाला, नेमबाज खूश. पण याचा दुसरा अर्थही बघा. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं, असा समज खूप जणांचा असतो. चेंबरमध्ये एक गोळी राहिलेली असू शकते. जुनं पिस्तूल ती चूक एकदा पोटात घालायचं, हे घालणार नाही. ज्या घरात सवय जुन्या पिस्तुलाची आहे आणि कपाटात नवं आलंय, तिथे हा फरक जीवावर बेतू शकतो. म्हणून स्लाईड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघणं, हा नियम कुठल्याही मॉडेलला चुकत नाही.

मग ठरवायचं कसं?

साधा हिशोब आहे. जुने पार्ट्स आणि मॅगझीन्स घरात असतील, तर ती बसतील असंच मॉडेल बघायचं. रेंजवर भरपूर वापरायचं असेल, तर सुधारलेलं. जास्त गोळ्या आणि नवी रचना हवी असेल, तर एफएन. आणि इतिहासच हवा असेल, तर जुनं खरं पिस्तूल घेऊन ते जपायचं. विकत घेण्याआधी मात्र हातात धरून बघायचं आणि फायरिंग पिनचं कुलूप आहे का, मॅगझीनची सोय आहे का, हे दोन प्रश्न विचारायचेच.

आता हे वाचून कोणी इथे चौकशी करायला निघालं असेल, तर थांबा. भारतात 9 एमएम हा सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअर आहे. शस्त्र कायदा 1959 नुसार परवान्याशिवाय कुठलंही पिस्तूल बाळगणं गुन्हा आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यामुळे आपल्याकडे हाय पॉवर दिसणार ते गणवेशातल्या माणसाच्या कमरेला, आणि तेही ईशापूरचं.