पांढऱ्या स्फटिकांची पारख

नाशिकजवळच्या त्रिरश्मी पर्वताच्या ज्या कृष्णपाषाणात प्राचीन शिल्पींनी पांडवलेणी कोरली, तोच पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हाच्या रूपाने थरावर थर चढवीत दख्खनच्या विस्तीर्ण प्रदेशावर पसरला. आणि तो निवत असता आत कोंडलेल्या वायूंनी ज्या पोकळ्या मागे ठेवल्या, त्यांत पुढे उष्ण, क्षारयुक्त जल झिरपून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अॅपोफिलाइट, कॅल्साइट आणि क्वॉर्ट्झ अशा नाना खनिजांचे स्फटिक वाढीस लागले. विहिरीच्या खोदाईत किंवा खडीच्या खाणीत सुरुंग उडाल्यावर हे वैभव उजेडात येते, आणि पाहणारा बहुधा त्या साऱ्यांना सरसकट गारगोटी म्हणून मोकळा होतो. वस्तुतः खरी गारगोटी म्हणजे क्वॉर्ट्झ. इतरांचे कुलशील निराळे आहे, आणि ते जाणण्यास सुसज्ज प्रयोगशाळाच हवी असे नाही.

प्रथम नजरेत भरणारा रंग हाच सर्वांत कमी भरवशाचा. स्टिल्बाइट पांढरे असते तसेच गुलाबीही असते. अॅपोफिलाइट वर्णहीन असते, तर व्हॅनेडियमच्या अत्यल्प अंशाने हिरवेही होते. खरबरीत पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीवर खनिज घासून त्याच्या चूर्णाचा रंग पाहण्याची कसाची परीक्षा अन्यत्र फार उपयोगी पडते. सोन्यासारखा भासणारा पायराइट तेथे काळपट रेघ उमटवून आपले खरे स्वरूप प्रकट करतो. परंतु आपल्या इलाख्यातील या स्फटिकांचा कस बहुतेक पांढराच, म्हणून येथे अन्य लक्षणांचा आश्रय घ्यावा लागतो.

त्यांतील पहिले काठिण्य. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी 1812 साली शंखजिऱ्याला 1 आणि हिऱ्याला 10 असे अनुक्रम देऊन जी श्रेणी बांधली, तिच्यात कॅल्साइट 3 वर व क्वॉर्ट्झ 7 वर आहे. सबब पोलादी चाकूने पहिल्यावर सहज ओरखडा उठतो, तर दुसरे उलट काचेवरच चरा पाडते. मात्र स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट ही दोन्ही साडेतीन ते चारच्या दरम्यान असल्यामुळे तेथे चाकूचा निर्णय पुरत नाही; तेथे आकार पाहावा. स्टिल्बाइटचे स्फटिक मध्यभागी आवळून बांधलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांशी फाकतात. ह्यूलँडाइटचे मात्र मध्यभागी रुंद आणि टोकांकडे निमुळते होत जातात.

खनिज फुटते कसे, हेही तितकेच बोलके लक्षण. कॅल्साइट तीन दिशांनी दुभंगून तिरकस चौकोनी तुकडे देते. अॅपोफिलाइट आपल्या लांबीला काटकोनात एकाच दिशेने स्वच्छ तुटते व त्या पृष्ठावर मोत्याची चमक दाखवते. क्वॉर्ट्झला अशी नियत दिशाच नसल्याने त्याचे भंजन शंखाभ, वक्र होते. ही भिन्नता यदृच्छेने आलेली नाही: अंतर्यामी अणूंची जी रचना असते, तिचे दुर्बळ बंध ज्या दिशेस असतात, त्याच दिशेस खनिज फाटते.

वजनाची खातरजमा सर्वांत शेवटी करावी. खनिज हवेत तोलून, मग पाण्यात बुडवून तोलावे, आणि पहिल्या वजनास घटलेल्या वजनाने भागावे. येणारा अंक म्हणजे विशिष्ट गुरुत्व. ज्या झिओलाइट कुलाचे वर्णन स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी 1756 साली केले, त्यातील स्टिल्बाइटादिकांच्या रचनेत पोकळ वाटा व जलाचा अंश असल्यामुळे हा अंक सव्वादोनच्या आसपास राहतो, क्वॉर्ट्झ 2.65, कॅल्साइट 2.71. याच नाशिक परिसरातून जगभरच्या संग्रहांत गेलेले, कॅल्शियम व मॉलिब्डेनम यांनी बनलेले पॉवेलाइट मात्र चारांच्याही वर जाते, आणि लघुतरंगी अतिनील प्रकाशात पिवळसर उजळते.

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ही रत्ने काचेआड असल्याने तेथे केवळ आकार व चमक यांचाच अभ्यास होतो. परीक्षेसाठी खाणीबाहेर टाकलेले फुटके तुकडेच घ्यावेत, अभंग स्फटिकाला चाकू लावू नये, आणि संरक्षित लेण्यांच्या पाषाणास तर हातही लावू नये. रंग, काठिण्य, आकार, भंजन, चमक, वजन ही सारी लक्षणे एका नावाशी जुळली, तरच ते नाव लिहावे. आणि त्याखाली गावाचा व खाणीचा उल्लेख अवश्य करावा, कारण स्थळाची नोंद हरवलेला स्फटिक कितीही देखणा असला, तरी या भूमीच्या इतिहासाविषयी तो फार थोडे सांगू शकतो.