आधारभूत भात खरेदीतील वाद कसे मिटवावेत?

कर्जत व खालापूर तालुक्यांत खरिपात सर्वत्र भात होते व राजनाला कालव्याखाली उन्हाळी भातही घेतले जाते. घरच्यापुरते भात ठेवून उरलेले बरेच शेतकरी बंधू आधारभूत किंमत खरेदी केंद्रावर घालतात. रायगड जिल्ह्यात ही खरेदी महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ, म्हणजे आपले मार्केटिंग फेडरेशन, स्थानिक संस्थांमार्फत करते. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्र शासनाने साधारण भातास क्विंटलला २,३६९ रुपये व 'अ' दर्जाच्या भातास २,३८९ रुपये भाव जाहीर केला. भाव ठरलेला असला तरी ओलावा, वजन, प्रत व पैसे यांवरून तक्रारी होतातच. यांपैकी पहिल्या तिन्ही तक्रारी काट्यापाशीच मिटवाव्या लागतात. पोती एकदा थप्पीला लागली की कोणते भात कोणाचे हे कोणालाच सांगता येत नाही.

सर्वांत जास्त वाद ओलाव्यावरून होतात. भातात ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असे मानक आहे. आपल्याकडे कापणीच्या वेळी परतीचा पाऊस गाठतो, पुढे खळ्यावर दव पडते, त्यामुळे वरवर कोरडे वाटणारे भात आतून ओले असते. मापकाचे आकडे नमुन्यागणिक बदलतात व उन्हातून नुकत्याच आणलेल्या गरम दाण्यांचा आकडा चुकू शकतो. म्हणून चार-पाच पोत्यांतून, वरून व तळातून, नमुना घ्यावयास सांगावे, तो सावलीत निवू द्यावा आणि तीन वेळा मोजून सरासरी धरावी. आकडा मान्य नसेल तर त्याच वेळी अर्धा-अर्धा किलोचे दोन नमुने जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोघांच्या सह्यांनी मोहोरबंद करावेत. एक आपल्याकडे व एक केंद्रावर ठेवावा. कापडी पिशवीतील नमुना चार दिवसांत वाळतो आणि पुरावा म्हणून निरुपयोगी ठरतो. प्रयोगशाळेत ओव्हन पद्धतीने काढलेला ओलावा मापकापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो.

ओल्या मालाबद्दल 'इतके किलो घट धरू' अशी तोंडी तडजोड करू नये; माल परत नेऊन वाळवावा. तरीही हिशेब ठाऊक असावा. २० टक्के ओलाव्याच्या १०० किलो भातात कोरडा भाग ८० किलो असतो. ते १७ टक्क्यांपर्यंत वाळविले की ९६.४ किलो भरते, म्हणजे खरी घट ३.६ किलो. कोणी पाच किलो घट सांगितली तर क्विंटलमागे १.४ किलो, सुमारे ३३ रुपये, विनाकारण जातात. उलट १४ टक्क्यांपर्यंत वाळविलेल्या भातात आपण त्याच भावात जास्त दाणा देतो. घरी साठवणीसाठी तितके वाळविणे योग्यच. लगेच विकावयाचे असल्यास त्याची गरज नाही.

वजनाच्या बाबतीत काट्यावर वैधमापन खात्याची चालू पडताळणी मुद्रा आहे का ते पाहावे व रिकाम्या पोत्याचे वजन वजा झाल्याची खात्री करावी. काट्याबद्दल संशय असल्यास त्या खात्याच्या निरीक्षकाकडे तक्रार करता येते. प्रतीच्या मानकांत काडीकचरा व इतर सेंद्रिय पदार्थ १ टक्का, माती-खडे १ टक्का, अपक्व व सुरकुतलेले दाणे ३ टक्के या मर्यादा आहेत. घरून भात नीट उपणून नेल्यास यावर वाद उरत नाही. 'अ' दर्जा दाण्याच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावर ठरतो, ते २.५ किंवा अधिक हवे. कर्जत-३ सारख्या आखूड जाड दाण्याच्या भाताला साधारण भाताचाच भाव मिळतो.

माल नाकारल्यास कारण लेखी मागावे. घेतल्यास दिनांक, पोती, निव्वळ वजन, प्रत व दर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. आपल्या बाजूने करार म्हणावा असा कागद तोच. फेडरेशन, खरेदी करणारी संस्था व गिरणीवाले यांचे करार वेगळे असतात. त्यांच्यातील वादामुळे पैसे अडले असे सांगण्यात आले तर 'मी त्या करारात पक्षकार नाही' असे अर्जात स्पष्ट लिहावे.

अर्ज प्रथम केंद्रचालक संस्थेस द्यावा व पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास पोचेची प्रत जोडून जिल्हा पणन अधिकाऱ्यांकडे व तहसीलदारांकडे जावे. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन आहे. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो व अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयात आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली हे माहिती अधिकार कायदा, २००५ खाली विचारता येते. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. आपण संस्थेचे सभासद असल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा मार्गही आहे, पण त्यापूर्वी वकिलांचा सल्ला घ्यावा.

पैसे न येण्याचे कारण पुष्कळदा घरच्याच कागदांत असते. सातबारा मयत वडिलांच्या नावे, खाते मुलाच्या नावे, ई-पीक पाहणीत क्षेत्र कमी, असे असेल तर खरेदी किंवा रक्कम अडते. वारस नोंद व पीक पाहणी हंगामापूर्वीच पुरी करावी. शेजाऱ्याच्या वा व्यापाऱ्याच्या भातासाठी आपला सातबारा मुळीच देऊ नये. हेक्टरी खरेदीची मर्यादा त्याच्या मालाने भरते, आपले भात दारात राहते आणि अशा वेळी कोठेही तक्रार करता येत नाही.